एकनळीचा हिशेब

मोजक्या पैशात पहिलीच बंदूक घ्यायची, अन् ती सगळ्या कामाला यायला पाहिजे. तर कोणती घ्यावी?

अमेरिकेत हा प्रश्न रोज कुठल्या ना कुठल्या दुकानात विचारला जातो. आपल्याकडं पहिली मोटारसायकल घेताना माणूस चार जणांना विचारतो, तसा तिथला माणूस शॉटगनबद्दल विचारतो. शॉटगन म्हणजे छर्ऱ्याची बंदूक. पाटलाच्या माडीवर खुंटीला लटकलेली बारा बोअर आपण बघितलेली आहे, तीच ही. नळी आतून गुळगुळीत, रायफलीसारखे आटे नसलेली. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर त्यातली एक गोळी जेवढी जाड, तेवढं नळीचं तोंड. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते, अन् तिचा खांद्याला बसणारा धक्काही कमी असतो.

दुकानदाराचं उत्तर साधारण ठरलेलं असतं. एकनळी सगळ्यात स्वस्त, पण बार एकच. दुनळीत दोन बार, पण चांगली घ्यायची तर महाग. म्हणून तो पंप-ॲक्शन दाखवतो. पुढची मूठ मागं ओढून पुढं ढकलली की नवं काडतूस नळीत येतं. रेमिंग्टन ८७० हे मॉडेल १९५० साली आलं, मॉसबर्ग ५०० त्यानंतर दहा वर्षांनी. नळी बदलता येते. शिकारीला लांब, घरासाठी अठरा इंची. काडतूस बदललं की कामही बदलतं. बारीक छर्रे पाखराला, सशाला. जाड छर्ऱ्याच्या काडतुसात आठ-नऊ गोळ्या, एकेक जवळजवळ साडेआठ मिलिमीटरची. जुनी घ्या, असंही तो सांगतो, अन् उरलेले पैसे काडतुसांवर नि सरावावर खर्च करा.

सल्ला शहाणपणाचा आहे. त्यात खोट नाही. पण या "सगळ्या कामां"ची यादी नीट वाचा. पाखरं, ससा, हरीण, शेताची राखण, घर. पहिल्या चारांत जनावराचं नाव सरळ घेतलं आहे. पाचव्यात घर म्हटलं आहे, पण गोळी घरावर झाडायची नसते. घरावर चालून येणाऱ्या माणसावर झाडायची असते. त्या एका शब्दाआड माणूस मारण्याचा प्रश्न झाकून ठेवला आहे, अन् तो किमतीच्या पाटीवर कुठंच लिहिलेला नसतो.

दोस्तांनो, हा प्रश्न अमेरिकेतला म्हणून आपल्या वस्तीत येऊन बसत नाही असं समजू नका. अत्याचाराची बातमी आली की आपली पोरं हाच प्रश्न विचारतात. निषेध सभा होते, निवेदन दिलं जातं, कलेक्टर कचेरीपुढं घोषणा होतात. मग रात्री कट्ट्यावर एक जण म्हणतो, "निवेदनानं काय होतंय? मंडळाच्या पैशातून एक बंदूक घेऊन ठेवू." दुसरा हसतो. तिसरा गप्प बसतो, कारण त्यालाही तसंच वाटत असतं. या बोलण्याला शिस्तीचं उत्तर द्यायला पाहिजे. हसण्यावारी नेऊन चालणार नाही, अन् टाळ्या वाजवूनही चालणार नाही.

आधी अमेरिकेतल्या काळ्या माणसाकडं बघू, कारण हा हिशेब त्यानं आपल्या आधी मांडला.

१९०६ च्या सप्टेंबरात अटलांटा शहरात गोऱ्या जमावानं काळ्यांना रस्त्यावर गाठून मारलं. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस तेव्हा तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक होते. दंगलीच्या वेळी ते बाहेरगावी होते, बायको अन् लेक घरी. ते परत आले अन् त्यांनी विंचेस्टरची एक दुनळी शॉटगन विकत घेतली, जाड छर्ऱ्याची दोन डझन काडतुसं घेतली. पुस्तकात हयात घालवलेला हा माणूस. हार्वर्डचा डॉक्टर. त्याची पहिली बंदूक दारात बसून राहण्यासाठी होती. याच डू बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले निग्रो संयुक्त राष्ट्रांपुढं आपली फिर्याद नेत आहेत असं त्यांना कळलं होतं. त्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी मागवल्या, अन् डू बॉइसनी आपुलकीनं उत्तर पाठवलं. दोन लोकांचं दुःख एकमेकाला ओळखत होतं.

दक्षिणेतल्या काळ्या कुळांच्या झोपड्यांत ती बंदूक खरोखरीच सगळ्या कामाची होती. दिवसा ससा मारून भांड्यात, रात्री दारामागं. मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर कापूस वेचणाऱ्या बाई. मताचा हक्क मागितला म्हणून मळ्यावरून हाकलल्या गेल्या, तुरुंगात बेदम मार खाल्ला. त्या आपल्या झोपायच्या खोलीत शॉटगन ठेवून असत, अन् हे उघड सांगत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर १९५६ साली बॉम्ब पडला, तेव्हा त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. माँटगोमेरीच्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला. पुढं त्यांनी घरात हत्यार न ठेवण्याचं ठरवलं, पण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. अधिकाऱ्याच्या नकारानं कुणी अहिंसक होत नसतं, फक्त निःशस्त्र होतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हाच फरक आपल्याकडच्या अहिंसेच्या प्रवचनांत गाळला जातो.

अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपत होती त्याच वर्षी, १८६५ साली, मिसिसिपी राज्यानं कायदा केला की परवान्याशिवाय मुक्त काळ्यानं बंदूक बाळगू नये. आपल्याकडं असा कायदा वेगळा करावा लागला नाही. धर्मानंच तो करून ठेवला होता. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं आहे. युरोपातल्या दुबळ्या वर्गाला लष्करी नोकरी, राजकीय हक्क अन् शिक्षण ही तीन हत्यारं मिळत गेली, चातुर्वर्ण्यानं आपल्याला तिन्ही नाकारली, म्हणून इथं सामाजिक क्रांती झाली नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गावगाड्यात बघा ना. वेसकर म्हणून महाराच्या हातात काठी दिली. कशासाठी? गाव राखायला. सगळ्या गावाची वेस राखायची, अन् स्वतःच्या बायकोपोरांवर चाल झाली तर ती काठी उचलायची नाही. काठी गावाची, हात गावाचा, मार तेवढा आपला.

आपल्याला हत्यार पेलत नाही, असं तर कुणी म्हणूच नये. महार पलटणीत होते, बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. १८९० नंतर इंग्रजांनी लढाऊ जाती ठरवल्या अन् महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. हत्यार धरायची लायकी आपण रणात दाखवलेली आहे. प्रश्न लायकीचा नाही. गावात परत आल्यावर त्या लायकीला काय किंमत, हा प्रश्न आहे.

आता महाड आठवा. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर गावगुंडांनी हल्ला केला, जेवणाची भांडी मातीत उलथी केली. परिषदेला पलटणीतले पेन्शनर आलेले होते. ज्यांनी लढाया बघितल्या अशा माणसांना लाठ्याकाठ्यांचं कसलं भय? बाबासाहेबांच्या एका शब्दाची खोटी होती. तो शब्द त्यांनी दिला नाही. माणसांना आवरलं, अन् भांडण कोर्टात नेलं. दहा वर्षांनी, १९३७ साली, मुंबई हायकोर्टात तळ्याचा निकाल आपल्या बाजूनं लागला. त्या दिवशीच्या संयमाला किंमत आहे, कारण उलट हात उगारायची ताकद समोर उभी होती. ज्याच्यात ताकदच नाही त्याला संयम शिकवणारा माणूस खरं तर मार खाण्याचं शिक्षण देत असतो.

मग बुद्धाचं काय? पंचशील घेतलेल्या माणसानं बंदूक धरावी का? हा प्रश्न आपल्यातलाच एखादा प्रामाणिक उपासक विचारतो, अन् त्याला टिंगलीनं उत्तर देणं पाप आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेला तत्त्व म्हटलं आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावतं. मारण्याची इच्छा अन् मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. जिथं नुसती इच्छाच आहे तिथं बुद्धानं मनाई केली, असं ते मांडतात. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद त्यांनी घेतला आहे. सेनापती विचारतो, अहिंसा सांगता तर गुन्हेगाराला शिक्षा करायची नाही का, घरादाराच्या रक्षणासाठी लढायचं नाही का? त्याला मिळालेल्या उत्तराचा अर्थ असा की न्यायासाठी, शांततेचे सगळे उपाय थकल्यावर, बळ वापरावं लागलं तर दोष ते बळ ओढवून आणणाऱ्याचा. पण स्वार्थापायी, द्वेषापायी, कुणाला वाकवण्यासाठी शस्त्र धरणाऱ्याला ही सूट नाही.

आपला फौजदारी कायदाही याच वाटेनं जातो. जुन्या दंडसंहितेत होता अन् १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, तो स्वसंरक्षणाचा हक्क. जीव जाण्याची किंवा भयंकर इजेची, बलात्काराची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही तो हक्क जातो. मात्र संरक्षणाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. गरज संपली की हक्क संपला. पळणाऱ्याच्या पाठीत मारलेला छर्रा इच्छेचा.

म्हणजे नैतिक अडचण बंदूक बाळगण्यात नाही. अडचण ही आहे की गरज अन् इच्छा या दोघी एकाच खुंटीला लटकतात. रात्री गरजेपोटी खाली काढलेली बंदूक सकाळी मिरवावीशी वाटते. शॉटगन सगळ्या कामाची असते, हा तिचा बाजारातला गुण. नीतीच्या दृष्टीनं तिचा धोकाही तोच. काम ती ठरवत नाही, धरणारा ठरवतो, अन् धरणारा रोज सारखा नसतो. कधी प्यालेला असतो, कधी भावकीवर चिडलेला असतो, कधी जगण्यालाच कंटाळलेला असतो. १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. घरात बंदूक असली की त्या घरात खून होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट आढळला, अन् मारणारा बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचा. या अभ्यासावर तिथं पुष्कळ वाद झाले. पण आपल्या वस्तीचा विचार करा. जाड छर्रे पातळ भिंतीतून आरपार जातात. आपल्या भिंती कशाच्या? पत्र्याच्या, कुडाच्या. नेम चुकला तर पलीकडं पाटलाची माडी नसते. पलीकडं शेजारणीचं पोर झोपलेलं असतं.

बंदुकीचं राजकारणही बघून घेऊ, कारण आपलं पँथर हे नाव तिकडून आलं. १९६६ साली ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन अन् बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. खिशात पैसा नव्हता. त्यांनी माओच्या लाल पुस्तकांच्या प्रती स्वस्तात घेतल्या, बर्कलीच्या विद्यापीठात पोरांना चढ्या भावानं विकल्या, अन् त्या पैशातून शॉटगनी घेतल्या. पुस्तक विकून बंदूक. न्यूटननं कायदा वाचलेला होता. भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला कॅलिफोर्नियात तेव्हा बंदी नव्हती. पोलिसांच्या गाडीमागं ते फिरत, थोड्या अंतरावर उभे राहत, अन् अडवलेल्या काळ्या माणसाला त्याचे हक्क ओरडून सांगत. एका हातात शॉटगन, दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक. पाठीचा कणा ताठ करणारं दृश्य आहे हे, त्याची किंमत मी कमी करत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा त्या नावामागं हा ताठपणा होता.

पण पुढचं पानही वाचायला पाहिजे. १९६७ च्या जुलैत गव्हर्नर रेगननं सही केली अन् भरलेली बंदूक सार्वजनिक जागी बाळगणं गुन्हा ठरलं. काळ्याच्या हाती बंदूक दिसल्याबरोबर सरकारला शस्त्रबंदी सुचली. १९६९ च्या ४ डिसेंबरला पहाटे शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्पटनच्या घरावर छापा घातला. एकवीस वर्षांचं पोर, अंथरुणातच मारलं गेलं. फेडरल ज्यूरीच्या तपासात निघालं की पोलिसांनी ऐंशीच्या वर गोळ्या झाडल्या, पँथर्सकडून सुटली एक. घरात बंदुका होत्या. त्यांनी हॅम्पटन वाचला नाही. राज्यसत्तेशी बंदुकीच्या मोजमापानं बरोबरी करायला गेलं की हिशेब असा एकास ऐंशीचा निघतो. अन् याच पँथर्सनी १९६९ च्या सुरुवातीला शाळकरी पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. एफबीआयच्या प्रमुखाला या न्याहारीचंच सगळ्यात जास्त भय वाटलं होतं. ती बंद करायला कायदा करता येत नव्हता.

लुइझियानातली गोष्ट वेगळी. १९६४ साली जोन्सबरो गावात काळ्या माणसांनी 'डीकन्स फॉर डिफेन्स' नावाची संघटना बांधली. त्यांच्यात लष्करातून परतलेले पुष्कळ. नागरी हक्कांचे कार्यकर्ते जिथं उतरत तिथं रात्री पहारा, त्यांच्या गाडीमागं गाडी, अन् क्लॅनवाले वस्तीत शिरले तर तिथंच अडवणं. पहारा सगळ्या चळवळीचा होता, एकट्या घराचा नव्हे. पुढच्याच वर्षी बोगालुसा गावात त्यांची शाखा उभी राहिली, अन् त्याच वर्षी केंद्र सरकारला क्लॅनविरुद्ध कोर्टात जावं लागलं. बंदुकीनं इथं काम केलं, कारण तिच्या मागं संघटना होती, पुढं कायद्याची मागणी होती, अन् धरणाऱ्यावर चारचौघांचा अंकुश होता.

आता खैरलांजी. "तिथं एक बंदूक असती तर?" हा प्रश्न २००६ पासून पोरांच्या मनात रुतून बसलेला आहे. २९ सप्टेंबरला जमाव भोतमांगेंच्या घरावर चालून गेला. आई, मुलगी, दोन मुलगे मारले गेले. एकनळीत काडतूस एक. दुसरं भरायला वेळ लागतो, जमावाला लागत नाही. एका बारानं जमाव पांगला असता, की आणखी चवताळला असता? हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, अन् मेलेल्यांच्या नावावर आपण तरी खोटी खात्री विकू नये. पण एक गोष्ट ठाम सांगता येते. या कुटुंबातली बाई आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीला उभी राहिली होती, अन् त्यातले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटून आले होते. धोका कचेरीला दिसत होता. साक्षीदाराच्या दारात त्या संध्याकाळी पोलीस पाहिजे होता. ही जबाबदारी राज्याची होती, ती बंदुकीच्या रूपानं मेलेल्या बाईच्या खांद्यावर टाकणं हाही एक अन्याय आहे.

अन् राज्यानं काय करायचं, हे लिहून ठेवलेलं आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम काढा. नियम ३ वाचा. जिथं अत्याचाराची भीती आहे असा भाग आधी ओळखायचा. मग जरूर पडली तर त्या भागात अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या नातलगांचे, गड्यांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे अन् ती हत्यारं सरकारी कोठारात जमा करायची. मग बेकायदा हत्यारं जप्त करायची. अन् त्यानंतर, जरूर पडली तर, आपल्या माणसांना परवाने द्यायचे. हा क्रम नीट बघा. आधी खुंटीवरची बंदूक खाली घ्या, मग आमच्या हाती द्यायची की नाही ते बोलू. कायदा लिहिणाऱ्याला नीती कळत होती. आपली पोरं मात्र शेवटचं कलम पहिलं मागतात, अन् पहिल्या कलमाचा अर्ज कुणी करतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. आडरानात एकटं घर आहे, धमक्या आल्या आहेत, पोलीस दाद देत नाहीत, अशा माणसानं परवाना मागावा. तोंड वर करून मागावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १४ मध्ये लिहिलेलं आहे की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं परवाना नाकारता येणार नाही. झोपडीवाल्यालाही तो हक्क आहे. परवान्याशिवायच्या गावठी कट्ट्याला हात लावू नका, त्यानं आपला माणूस तुरुंगात अन् गुंड बाहेर राहतो. परवाना मिळाला तर शिका, कुलपात ठेवा, पोरांपासून अन् दारूपासून लांब ठेवा.

पण मंडळाच्या वर्गणीतून मिरवायला बंदूक नको. त्या पैशाची पहिली खरेदी दुसरी आहे. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. आपल्या तालुक्यात कुठल्या गावात किती शस्त्रपरवाने आहेत, नियम ३ खाली किती रद्द केले, किती जप्ती झाली, आपल्या किती अर्जदारांना मिळाले, हे विचारा. उत्तर नाही आलं तर अपील करा. आलं तर ते वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा. साक्षीदार असेल त्याच्या घरी रात्री चार-पाच जणांनी झोपायला जा, आळीपाळीनं. वकिलाचे पैसे जमवा. न्याहारी द्या पोरांना.

हे सगळं करूनही एखाद्या रात्री जमाव आलाच, तर घरच्या माणसानं हाताला लागेल ते उचलावं. काठी असो, विळा असो, परवान्याची एकनळी असो. तो त्याचा हक्क आहे, धम्मानंही अन् कायद्यानंही. त्याला कुणी अहिंसा शिकवायला येऊ नये. यायचंच असेल तर आधी माडीवर जावं, तिथली बंदूक खाली उतरवावी, अन् मग आमच्या दारात यावं.

जयभीम.